दाराकडचा पाट

चिऊच्या डाव्या भुवईत, कानाकडच्या टोकाला, तांदळाच्या दाण्याएवढी जागा मोकळी होती. गणपतीत ती तिळाएवढी होती. मेधाने आधी बुरशीचा संशय घेतला, मग जीवनसत्त्वांच्या कमतरतेचा, आणि एका दुपारी मुलगी झोपलेली असताना कॉलेजातून आणलेलं भिंग धरून पाहिलं. कातडी स्वच्छ होती, खपली नव्हती. कडेचे केस निरनिराळ्या उंचीवर तुटलेले होते. केस गळत नव्हते, उपटले जात होते.

का, हे कळायला रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेला भिंग लागलं नाही. ते दर दसऱ्याला घरातच मांडलं जात असे.

मेधाच्या सासऱ्यांचे, म्हणजे दादांचे, आजोबा देवासच्या दरबारात मानकरी होते. गादीपासून त्यांची बैठक कितवी होती, हे दादा अजून पाहुण्यांना सांगत. संस्थान गेलं, गादी गेली, बैठकीचा हिशोब मात्र या घरात पाटांवर येऊन बसला. दसऱ्याच्या दुपारी नातवंडांची पंगत सहामाहीच्या टक्क्यांप्रमाणे लागायची. पहिला दादांशेजारी, त्याच्या मनगटावर अत्तर, हातात विडा. शेवटचा दाराकडे, चपलांच्या बाजूला. त्याने उठून सगळ्यांना पाणी वाढायचं, आणि त्याच्या नाकाशी धरायची अत्तराची रिकामी कुपी.

"वास घे, बेटा," दादा मान तिरकी करून म्हणत, आणि जरा थांबून, "वास फुकट असतो."

घर हसायचं. गेली दोन वर्षं दाराकडे चिऊ बसली होती. तीही हसायची, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

"मीही तिथेच बसायचो," मेधाचा नवरा अजेय म्हणायचा. "मेलो का? या वयात दादांना दुखवायचं म्हणतेस?" तो आता कारखान्यात इंजिनिअर होता. अजूनही कुठल्याही पंगतीत तो दाराजवळची जागा धरी आणि मान वर न करता भराभर जेवून उठे.

धारच्या कॉलेजात एक जागा मेधासाठी मोकळी होती. धार तिचं माहेर. अक्काने, तिच्या मोठ्या बहिणीने, वरच्या दोन खोल्या झाडूनही ठेवल्या होत्या. प्राचार्य व्हरांड्यात गाठून विचारत, "मैडम, धार का क्या सोचा?" मेधा म्हणे, दशहरे के बाद. त्याआधी ती गणपतीनंतर म्हणाली होती, आणि त्याच्याही आधी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. घरात कुणाला तिने हे सांगितलंच नव्हतं.

निर्णय घ्यायच्या ऐवजी तिने जे येत होतं तेच केलं. शिकवलं. सप्टेंबरभर शाळेच्या आधी चिऊला उठवून अपूर्णांक, मग विज्ञान, मग पुन्हा अपूर्णांक. गणित अडलं की मुलीचा हात भुवईकडे जाई. मेधा तो हात खाली करी आणि पुढचं गणित घाली.

त्याचं फळ दसऱ्याला मिळालं.

"स्वानंदराव, पहिला पाट!" दादांनी पुकारा केला. स्वानंद हा अजेयच्या धाकट्या भावाचा मुलगा. दुसरा पाट इंदूरहून आलेल्या आत्याच्या मुलाला गेला. "आणि तिसरा... अरे वा! चिऊराणी!"

पुऱ्यांचं ताट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या मेधाला छातीत ऊब पसरल्यासारखं झालं. मुलगी वर सरकली. ती ज्या पाटावरून उठली तिथे आता कोण बसणार, हे महिनाभरात एकदाही मेधाच्या मनात आलं नव्हतं.

चौथ्यावर आत्याची मुलगी बसली.

"यंदा दरबारात नवीन मानकरी," दादा म्हणाले. "वेदिका सरकार. दाराकडे!"

वेदिका स्वानंदची धाकटी बहीण. दुसरीत गेलं की पंगतीत नाव लागतं, म्हणून तिचं पहिलंच वर्ष. नव्या परकरात ती उभीच राहिली.

"मम्मीजवळ बसू?"

"ओ भिया, नंबर देख अपना!" स्वानंद बहिणीवर इंदुरी टपोरी थाटात ओरडला.

ती चपलांशेजारी बसली. दादांनी रिकामी कुपी उचलली, पण त्यांच्याआधी चिऊ उठली. तिने कुपी त्यांच्या हातातून घेतली, दाराशी गेली आणि वेदिकाच्या नाकाखाली धरली. मान तिरकी केली.

"वास घे, बेटा." मग बरोबर दादांइतकंच थांबून, "वास फुकट असतो."

हसण्याने छत दणाणलं. अजेयही हसला. वेदिकाने डोळे मिटून, मन लावून वास घेतला.

"येत नाहीये," ती म्हणाली.

हसू दुप्पट झालं. वेदिकाची आई उर्वशी श्रीखंड वाढत होती. तिचा डाव पातेल्यात तसाच राहिला. "वेदू, पाणी वाढ सगळ्यांना," ती मान खाली घालून म्हणाली.

"ही खरी आमच्या घरची!" दादांनी चिऊला जवळ ओढलं आणि भरल्या कुपीतला फाया तिच्या मनगटावर फिरवला. "पण पुढच्या वर्षी दुसरा पाट हवा हं. नाहीतर दार आहेच."

चिऊने हसून मान डोलावली. ती आपल्या पाटावर येऊन बसली, आणि अत्तराचा तो हात हळूहळू वर गेला, भुवईपाशी. दोन बोटांनी चिमूट धरली, ओढलं. केस तिने पाटाखाली टाकला.

पाण्याचा तांब्या घेऊन समोर आलेल्या वेदिकाने ते पाहिलं. तिने आपल्या भुवईला हात लावून पाहिला.

मेधाने पुऱ्यांचं ताट जमिनीवर ठेवलं.

"दादा, चिऊ यापुढे या पंगतीत बसणार नाही."

"पुऱ्या गार होतायत, मेधा," अजेय पुटपुटला.

"होऊ देत."

दादांना गंमत वाटली. "दोन वर्षं दाराशी बसली तेव्हा तू वाढत होतीस की! आज तर पोर वर आली."

"आई, मैं तो ऊपर आई ना?" चिऊचा आवाज चिरकला. तिसऱ्या पाटाची कड तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "आता का?"

"वर आलीस म्हणूनच," मेधा म्हणाली. मग ती दादांकडे वळली. "मी धारच्या कॉलेजात जातेय. चिऊला घेऊन, दिवाळीच्या आत."