अडकित्ता

रायफल बिघडली, असं मी आधी सगळ्यांना सांगितलं. मग खापर जॅकेटवर फोडलं, मग बुटांवर, मग शेजारच्या वर्कशॉपमधल्या खडखडाटावर. शेवटी टीममधली मुबश्शिरा वैतागून म्हणाली, "दिशा, आता फक्त माझं नाव घ्यायचं राहिलंय." तेही घेतलं असतं, खोटं कशाला बोलू.

नागापूरच्या एमआयडीसीत एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आमची रेंज आहे. समोर दहा मीटरवर कागदाची टार्गेटं, मागे खुर्चीत गोरक्ष सर. सर फौजेतून रिटायर झालेले, आमच्याच काष्टी गावचे. शाळेत असताना त्यांनीच माझ्या हातात एअर रायफल दिली. आता मी, मुबश्शिरा आणि राजनंदिनी, तिघींची टीम जर्मनीला स्पर्धेला निघाली होती. तिकिटं झाली, गावात माझ्या फोटोचा बोर्ड लागला, आणि मला छर्रा सोडता येईना.

रायफल उचलायची, नळी मधल्या ठिपक्यावर येऊन थांबायची, श्वास धरायचा, आणि बोट ढिम्म. नळी ठिपक्यावरून सरकायची. मग चिडून ट्रिगर दाबला की सात, नाहीतर सहा. आमच्या खेळात दहाच्या खाली गेलं की लाज वाटते. सहा म्हणजे सरळ घरी जा.

सर मागे रिकाम्या हातांनी बसून राहायचे. त्यांना धड बोलताही येत नव्हतं. जन्मभर सुपारी खाऊन तोंड उघडेनासं झालं होतं आणि डॉक्टरांनी नुकतीच सुपारी सक्त बंद केली होती. पुण्याला ऑपरेशन ठरलं होतं, नेमकं आमच्या स्पर्धेच्या आठवड्यात.

एका सकाळी त्यांना राहवलं नाही. खिशातून जुना अडकित्ता काढला. मी डोळे वटारले तर म्हणाले, "खात न्हाई गं. नुसती कातरतो, हाताला चाळा."

मी रायफल उचलली. मागे कट्ट वाजलं आणि छर्रा सुटला. दहा. परत उचलली. कट्ट, दहा. मला नाचावंसं वाटलं. मुबश्शिराचं मात्र टार्गेटकडे लक्षच नव्हतं, ती सरांकडे बघत होती.

"सर, जरा थांबा," ती म्हणाली. "कातरू नका."

माझं बोट ढिम्म.

"आता कातरा."

दहा.

शाळेपासून सर माझ्या मागे बसून सुपारी कातरत नळी बघायचे. ती स्थिर झाली की त्यांचा हात आपोआप दाबला जायचा, आणि तो आवाज ऐकून माझं बोट. त्यांना हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, नेम माझा आहे.

मग आम्ही काय काय करून पाहिलं. मुबश्शिरानं अडकित्ता धरला, तर तिचं कट्ट कधी आधी, कधी नंतर. मोबाईलवर टेप करून लावला, तर नळी असेल तिकडे छर्रा. सर बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसले, मी आत रायफल धरून रडले.

"सर, माझ्या जागी धनश्रीला न्या," मी म्हणाले. मिरजगावची धनश्री आमची राखीव खेळाडू, तिचा पासपोर्टही तयार होता.

"तू जा," सर म्हणाले. "माझं आता तेवढंच हाय बघ. तिथं सुटंल तुझं बोट." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला लई राग आला त्यांचा, आणि तेवढीच माया.

शेवटच्या सरावाला क्लबचे लोक आले. सर मागे बसून कातरत राहिले, मी दहावर दहा मारत राहिले. सेक्रेटरींनी टाळ्या वाजवून मेडल पक्कं करून टाकलं. निघताना सरांनी अडकित्ता माझ्या हातात ठेवला.

"मी काय करू ह्याचं? दाबणार कोण?"

"राहू दे जवळ," ते म्हणाले.

म्हणून सामानात नाही टाकला, हातातल्या पर्समध्ये ठेवला. विमानतळावर तपासणीत तो सापडला. धारेची वस्तू आत नेता येत नाही, म्हणाल्या तपासणीवाल्या मॅडम, आणि बाजूच्या डब्यात टाकला. मी हातापाया पडले. रायफल मात्र कधीच पुढे गेली होती, तिचे कागद होते.

"बघ, बंदूक चालते ह्यांना," मी मुबश्शिराला म्हणाले. ती हसली नाही. तिनं माझा हात धरला, आणि आम्ही रांगेत पुढे सरकलो.