बाराशे सीसीची गाडी

मर्विन टास्करने ह्युऑन खोऱ्यात एकतीस वर्षं टपाल वाटलं, ते एकशेदहा सीसीच्या लाल फटफटीवर. तो निवृत्त झाला, वर्षभरात बायको, लोर्ना, गेली, आणि मग दर रविवारी निघणाऱ्या मोटरसायकलवाल्यांच्या टोळक्यात त्याने आपलं नाव घातलं. गाडी घ्यायला गेला तेव्हा दुकानदाराने विचारलं, "चालवणार कशी? निवांत, की सुसाट?" मर्विन म्हणाला, "इतर अकरा जणांबरोबर." दुकानदार बिचारा काय करणार? त्या अकरांना शोभेल अशी बाराशे सीसीची गाडी त्याने याच्या गळ्यात मारली.

सीटवर बसलं की मर्विनच्या टाचा जमिनीला लागत नसत. अडीचशे किलो नुसत्या चवड्यांवर तोलायचे म्हणजे प्रत्येक थांब्याला पडायची धास्ती. पण छोटी गाडी घेतली तर मागे पडू, आणि मागे पडलो की हे लोक आपल्याला सोडून देतील, ही भीती त्याहून मोठी होती. आठवड्यात माणसांशी बोलणं व्हायचं ते त्या एकाच दिवशी. म्हणून तो तीच गाडी रेटत राहिला.

टोळक्याची एक रीत होती. फाटा आला की म्होरक्याच्या मागच्याने तिथे थांबायचं, हात करून बाकीच्यांना वाट दाखवायची, आणि सगळ्यात शेवटी असणारी ग्वेंडा पायबस दिसली की मगच निघायचं. त्या रविवारी सिग्नेटच्या फाट्यावर मर्विनची पाळी आली. कडेला उतार, त्यावर बारीक खडी. पाय टेकायला गेला तो टेकलाच नाही. मर्विन कसाबसा बाजूला झाला, गाडी मात्र आडवी होऊन घसरली ती थेट चरात, नेच्यांच्या झुडपांत. वरून दिसेनासुद्धा.

मागून गाड्यांचे आवाज जवळ येत होते. एखाद्या शहाण्याने मदत मागितली असती. हे महाशय कपडे झटकून फाट्यावर उभे राहिले आणि डावीकडे हात करून एकेकाला वाट दाखवू लागले. नऊ जण गेले. शेवटी ग्वेंडा आली, तिने वेग कमी केला. मर्विनने अंगठा वर केला, तू हो पुढे, मी आलोच. गाडी आडोशाला लावून मोकळा व्हायला थांबला असेल, असं समजून तीही गेली.

मग तो चरात उतरून गाडीशी झटला. ती हलेल तर शपथ! खिशात फोन होता, पण करायचा कुणाला? यादीत सगळ्यात वर अजून लोर्नाच होती. तो खडीवर बसला आणि चांगला रडला.

ग्वेंडा परत आली ती सव्वा तासाने.

"बेकरीत बारा सॉसेज रोल मागवले, एक उरला," हेल्मेट काढत ती म्हणाली. "तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी कुठाय?"

त्याने चराकडे बोट केलं.

"अरे गाढवा! मग अंगठा कसला दाखवत होतास?"

ग्वेंडा सहा फुटी बाई. सीटला पाठ लावून पायांच्या जोरावर कसं उचलायचं ते तिने दाखवलं, आणि दोघांनी मिळून, तीनदा दम खात, गाडी वर काढली.

"आधी काय चालवायचास?"

"टपालाची. एकशेदहा."

"आणि तिच्यावरून एकदम या रेड्यावर? कुणी सांगितलं होतं?"

"मला गाडी नकोच होती गं," मर्विन म्हणाला. "मला तुम्ही लोक हवे होतात."

ग्वेंडा हातमोजा चढवता चढवता थांबली. असं बोलायची त्या खोऱ्यात कुणाला सवय नाही. तिने तो हातमोजा पुन्हा काढला.

"चार वर्षं मी शेवटी चालवते," ती म्हणाली. "शेवटच्यासाठी निदान फाट्याफाट्यावर कुणीतरी थांबलेलं असतं. घरी कोण थांबतंय?"

तिने आपल्या चारशे सीसीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि बाराशेची स्वतःकडे घेतली. मर्विन बसला. दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकली.

"तू पुढे हो," ती म्हणाली. "तुझ्या वेगाने."

पुढच्या फाट्यावर त्यांच्यासाठी कुणी थांबलेलं नव्हतं. दोघं बेकरीच्या दिशेने जात राहिली, तो पुढे, ती मागे, नियमाप्रमाणे मध्ये दोन सेकंदांचं अंतर ठेवून.