डबा रिकामा द्यायचा नाही

स्टीलच्या डब्याच्या झाकणावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं: बाळाबाई जाधव. सगळ्या टिंबांत काळं साचलं होतं, फक्त पहिल्या अक्षराची टिंबं लख्ख होती. हौसेरावांचा अंगठा रोज तिथंच फिरायचा.

डबा खालच्या मजल्यावरच्या बाळाबाईंचा. संक्रांतीला तिळाच्या वड्या घेऊन तो वर आला. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, ही हौसेरावांच्या आईची शिकवण. त्यांनी त्यात भाजके शेंगदाणे घालून पाठवले. बाळाबाईही साताऱ्याकडच्याच, त्याच शिकवणीतल्या; त्यांनी शेंगदाण्यांची चटणी कुटून धाडली. ते विधुर, त्या विधवा, आणि दोघंही नियमाचे पक्के. त्यामुळे गणपती तोंडावर आले तरी नेरूळच्या त्या जिन्यात डब्याला उसंत नव्हती.

उद्या मात्र बाळाबाईंचा भाचा त्यांना कायमचं वाईला न्यायला येणार होता. विचारायचं तर आजच. मनाशी ठरवून महिने झाले होते, पण तोंड उघडत नव्हतं. वाशीच्या बाजारात जन्मभर पाठीवर गोण्या वाहिल्या, तेव्हा कधी दाणा सांडला नव्हता. आता डब्यात साखर भरताना निम्मी ओट्यावर सांडली. पोरगा काय म्हणेल? सोसायटीत तोंड कसं दाखवायचं? आणि त्या नाहीच म्हणाल्या तर?

"आबा, मुंग्या येतील," सून उत्कर्षा म्हणाली. "आणि लपवताय काय? सगळ्या बिल्डिंगला माहितीये."

मोबाइलमधून मान वर करून मुलगा विश्वजित हौसेरावांकडे बघत होता. आता लेक घराबाहेर काढणार, म्हणून त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"टेन्शन कशाला घेताय आबा?" विश्वजित म्हणाला. "काकूंना बोलवा ना इकडंच. राहा दोघं मस्त. या वयात लग्नबिग्न कोण करतं?"

शिव्या खायची त्यांनी तयारी केली होती. या परवानगीची नव्हती.

"असंच? एका घरात?"

"त्यात काय! आजकाल सगळे राहतात."

"आरं, कबुतरं हाय का आमी, गॅलरी दिसली की बसायला?"

उत्कर्षा खो-खो हसत सुटली. तेवढ्यात बेल वाजली. दारात बाळाबाई उभ्या होत्या.

"सामान बांधतेय, डबा न्यायला आले," त्या हौसेरावांकडे न बघता म्हणाल्या.

"काकू, जाऊच नका!" उत्कर्षा आतूनच ओरडली. "आबांची खोली मोठी आहे. या राहायला!"

बाळाबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पदर घट्ट ओढला. "असलं मी न्हाई ऐकून घेनार," एवढं पुटपुटून, डबा न घेताच त्या जिन्याकडे वळल्या.

बाळाबाई एकेक पायरी उतरत होत्या. वळणावर गेल्या की संपलं. हौसेराव अनवाणीच बाहेर धावले, कठडा दोन्ही हातांनी गच्च धरला आणि सबंध जिन्याला ऐकू जाईल असं ओरडले,

"बाळाबाई, असंच न्हाई! चारचौघांत, अक्षता टाकून! माझ्याशी लगीन करता का?"