शेटांच्या अंगातील ओल

सन १९३१ च्या रमजान ईदच्या नमाजात लोणावळ्याचे लाकडाच्या वखारीचे मालक बद्रुद्दीनशेट हे तिवईसह कोसळले, ही वार्ता त्या गावी पुष्कळ दिवस चघळली जात होती. शेटांचे गुडघे दोन वर्षांपासून वाकेनासे झाले होते. त्यामुळे ते ओळीच्या अगदी कडेला लाकडी तिवई मांडून तीवर बसूनच नमाज अदा करीत, आणि इतर मंडळी सिजद्यात कपाळ जमिनीस टेकवीत तेव्हा हे केवळ मान लववीत. त्या दिवशी ईदगाहची जमीन भुसभुशीत होती. तिवईचा एक पाय हळूहळू मातीत शिरला आणि शेट आपल्या देहाच्या समग्र विस्तारासह शेजारच्या इब्राहिमभाईंच्या पाठीवर कलंडले. इब्राहिमभाई हे शिंपीकाम करणारे, अंगाने किरकोळ गृहस्थ. परंतु ते सिजद्यात असल्यामुळे त्यांना ओरडण्याचीही सोय नव्हती.

इजा कोणासच झाली नाही. नमाजानंतर सर्व हसले, शेटही हसले. तथापि घरी आल्यावर त्यांचे चित्त शेवयांत लागेना. हसे झाले याचे त्यांना वाईट वाटत नव्हते. सिजद्याविना केलेली नमाज ही त्यांना एखाद्याच्या दारापर्यंत जाऊन आत न शिरता परत फिरल्यासारखी वाटे, आणि हे शल्य त्यांनी दोन वर्षे कोणापाशीही बोलून दाखविले नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांनी पत्नी मदिनाबी यांस सांगितले की, येत्या बकरी ईदला मी सर्वांच्या ओळीत, सर्वांसारखा वाकणार.

दुसऱ्या दिवशी ते स्टेशनाजवळच्या वृद्ध डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि ते म्हणाले, "शेट, गुडघे आजारी नाहीत. ते बिचारे हमाली करून थकले आहेत. दहा शेर ओझे उतरवा, म्हणजे ते आपोआप वाकतील." पथ्य असे ठरले की तूप, साखर आणि रात्रीचा भात वर्ज्य, दोन वेळा नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि ताक, मटण आठवड्यातून एकदाच, आणि रोज सकाळी वळवणच्या धरणापर्यंत पायी जाऊन परत येणे.

आता वजन पाहण्यासाठी शेटांना कोठे दूर जाण्याचे कारण नव्हते. वखारीत तुळईला टांगलेला प्रचंड काटा होता. साखळ्यांनी अडकविलेल्या त्याच्या दोन लाकडी पारड्यांपैकी एकात मोळ्या पडत आणि दुसऱ्यात लोखंडी वजने. शेट एका पारड्यात पाय लोंबते सोडून बसले आणि काट्यावर तोल करणाऱ्या नूरमहंमदने समोर वजने चढविली. अडीच मण सहा शेर. नूरमहंमदने तो आकडा कोळशाने भिंतीवर लिहिला आणि अत्यंत गंभीर मुद्रेने विचारले की, शेट, साल आहे तशीच तोलायची की सोलून? शेटांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले.

पहिल्या आठवड्यातच चार शेर उतरले. शेटांचा आनंद गगनात मावेना. या हिशेबाने ईदपर्यंत आपण वाऱ्याने उडून जाऊ, अशी भीती त्यांनी इब्राहिमभाईंपाशी बोलून दाखविली, आणि इब्राहिमभाईंनी सदऱ्याला अस्तराऐवजी शिसे लावण्याचे वचन दिले. पुढे मात्र वेग मंदावला. कधी आठवड्यास एक शेर, कधी अर्धा, तर कधी काही नाही. शेट दिवसातून तीन तीन वेळा पारड्यात बसू लागले. सकाळी हलके, जेवणानंतर जड, तिसऱ्या प्रहरी पुन्हा निराळे. भिंत कोळशाच्या आकड्यांनी काळी झाली. तरीदेखील सातव्या आठवड्याच्या अखेरीस एकंदर साडेआठ शेर उतरले होते, आणि वळवणच्या वाटेवर शेट काठी टेकण्याऐवजी ती काखेत मारून चालू लागले होते.

ईदला तीन आठवडे उरले असता ते थोरली बहीण अजीजुन्निसा हिला भेटण्यासाठी जवळच्या इंदुरी गावी गेले. बहिणीने भावाच्या पथ्याची बातमी आधीच ऐकली होती. तिने तुपाचा थेंब दाखविला नाही की गोडाचे नाव काढले नाही. खारवलेले सुके बोंबील भाजले, सुकटीची चटणी केली, लिंबाचे खारे लोणचे वाढले, आणि एक भाकरी ठेवून म्हणाली, "खा निर्धास्त. यात चरबी कुठली?" शेटांनी भाकरी एकच खाल्ली. बोंबील मात्र किती खाल्ले ते त्यांनाही सांगता आले नसते. मग दुपारपासून जी तहान लागली ती काही केल्या भागेना. बहिणीच्या घरचा माठ संध्याकाळपर्यंत दोनदा भरावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी परतताच शेट पारड्यात बसले आणि नूरमहंमद वजने चढवीत राहिला. त्याने एक शेर चढविला, दुसरा चढविला, तिसरा चढविला, तेव्हा कुठे काटा सरळ झाला. एका दिवसात तीन शेर. एक भाकरी खाऊन तीन शेर.

शेटांनी प्रथम काट्यावर संशय घेतला. पारडी अदलाबदल करून पाहिली, साखळ्या झटकल्या, नूरमहंमदलाही तोलून पाहिले. तो होता तेवढाच निघाला. मग त्यांचा संशय स्वयंपाकघरात शिरला. मदिनाबी नवऱ्याच्या मायेपोटी भाकरीच्या पिठात गुपचूप तूप घालीत असाव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले. दुपारी ताटात भाकरी आली तेव्हा त्यांनी ती जुन्या कागदावर ठेवून तळहाताने दाबली, आणि तो कागद उजेडात धरून डाग शोधू लागले.

मदिनाबी चुलीपाशी बसून हे पाहत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "कागदावर माझी सही पण घ्या. सात आठवडे तुमच्यासाठी मी पण बिनतुपाचं खातेय. माझ्या वाळलेल्या मनगटातल्या बांगड्या बघा, मग भाकरी दाबा."

शेटांनी त्यांच्या मनगटाकडे पाहिले. बांगड्या खरोखरच कोपरापर्यंत घसरत होत्या. त्यांनी भाकरी खाल्ली, कागदाच्या ठशासह.

पश्चात्ताप आणि त्वेष या दोहोंच्या भरात त्यांनी दुसरा दिवस निव्वळ ताकावर काढला. ताक बेचव लागते म्हणून त्यात मूठभर मीठ ढवळले आणि सहा तांबे रिचविले. त्याच्या पुढल्या दिवशी काटा पूर्वीपेक्षा अर्धा शेर अधिक दाखवू लागला. तेव्हा शेटांचा धीर सुटला. जो मनुष्य उपाशी राहूनही वाढतो त्याच्या नशिबी सिजदा लिहिलेलाच नाही, असे त्यांनी ठरविले. त्यांनी कोंडाजी सुतारास बोलावून घेतले, आणि रुंद पायांची, मातीत न रुतणारी नवी तिवई ईदच्या आधी करून देण्यास सांगितले. माप देताना त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की कोंडाजीला ते दोनदा विचारावे लागले.

कोंडाजी दोरी गुंडाळीत असतानाच चिमाबाई मोळी घेऊन आली. औंढे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी होती, आणि गेली वीस वर्षे ती या वखारीत सरपण आणीत असे. त्या दिवशी तिचे लुगडे गुडघ्यापर्यंत चिंब झाले होते आणि मोळीतून पाणी ठिबकत होते. वाटेत ओढ्याच्या डोहावर पाणी प्यावयास ती वाकली आणि डोईवरची मोळी डोहात गेली, ती काढता काढता ऊन डोक्यावर आले, असे तिने सांगितले. नूरमहंमदने मोळी तोलली. नेहमी जेमतेम पाऊण मण भरणारी मोळी मणावर चार शेर गेली होती.

वखारीचा नियम सर्वांस ठाऊक होता. ओले लाकूड आले की त्याच्या वजनातून ओलीची घट कापावयाची आणि उरेल तेवढेच लाकूड धरावयाचे. किती घट कापावी हे बद्रुद्दीनशेट लाकडावर नुसता हात फिरवून सांगत, आणि त्यांच्या हाताबद्दल साऱ्या मावळात कोणाची तक्रार नव्हती. आजही त्यांनी पारड्यातील एक फाटा उचलला, त्याची साल नखाने खरवडली आणि उदास स्वरात म्हणाले, "चौदा शेर काप."

चिमाबाईने घटीबद्दल कुरकुर केली नाही. परंतु शेटांचा चेहरा इतका पडलेला का, असे तिने विचारताच नूरमहंमदने तिला बोंबलापासून ताकापर्यंतचा सर्व वृत्तान्त तिखटमीठ लावून सांगितला. तोवर शेट तो फाटा हातात घेऊनच बसले. चिमाबाईने लुगड्याचा काठ पिळला आणि ती शेटांकडे वळली.

"भाऊ, माज्या मोळीत चवदा शेर लाकूड वाढलं का?"

"लाकूड कसं वाढेल? पाणी आहे ते."

"कशावरनं?"

"अगं, वीस वर्षं हेच करतोय. चार दिवस उन्हात टाक, पुन्हा होती तेवढी होईल."

"मंग काल-परवा तुमी येवढं खारं खाल्लं, वर माठच्या माठ प्यालात. त्ये पानी कुटं गेलं? माजी वल बरी दिसती तुमास्नी. सवताची कोन कापनार?"

नूरमहंमद हसू लागला. पण शेट हसले नाहीत. ते उठले, काट्यापाशी गेले आणि हातातील ओल्या फाट्यावरून त्यांनी पुन्हा हात फिरविला. ज्या हाताने आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाकडातील पाणी ओळखले तो हात आपण स्वतःच्या पोटावरून कधी फिरविला नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. तीन शेर चरबी अंगावर चढावयाची तर माणसाला किती खावे लागेल याचा त्यांनी विचार केला. एका भाकरीत आणि सुक्या बोंबलांत ती कोठून येणार? मीठ पाणी ओढून घेते हे मासे खारवणाऱ्या कोळणीलाही ठाऊक असते. आणि पहिल्या आठवड्यात उतरलेल्या ज्या चार शेरांचा आपण एवढा गाजावाजा केला, त्यांतही बरीचशी ओलच गेली असली पाहिजे, खरे लाकूड त्याच्या नंतर हळूहळू जळत होते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले.

"चिमाबाई म्हणते ते खरं आहे," ते नूरमहंमदला म्हणाले. "मी रोज ओलं लाकूड तोलत होतो."

त्यांनी कोंडाजीस तिवईचे काम थांबविण्यास सांगितले. कोंडाजीने आनंदाने मान डोलावली. कारण एवढ्या रुंद पायांची तिवई त्याने जन्मात केली नव्हती आणि करण्याची त्याची इच्छाही नव्हती. संध्याकाळी घरी गेल्यावर शेट चुलीपाशी जाऊन बसले आणि मदिनाबींना म्हणाले की, भाकरी दाबली ती माझी चूक झाली. मदिनाबींनी त्यांच्याकडे न पाहता उत्तर दिले की चुकीचे वजन फार आहे, ते उतरावयास वेळ लागेल. आणि मग स्वतःच हसल्या. त्या रात्रीपासून भाजीत मीठ बेताचे पडू लागले. शिवाय मदिनाबींनी आपल्या भाकरीवर तूप घ्यावे, असा शेटांनी आग्रह धरला आणि तो पाळला जातो की नाही यावर ते समोर बसून पहारा करू लागले.

पाच दिवस त्यांनी काट्याकडे पाहिले नाही. नाचणीची भाकरी, वळवणची वाट आणि साधे पाणी, एवढाच क्रम ठेवला. सहाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, उपाशी पोटी ते पारड्यात बसले. चढलेले साडेतीन शेर गेले होते आणि त्यांच्यासोबत आणखी पाव शेर गेला होता. शेटांनी नूरमहंमदकडून भिंत पुसून घेतली आणि नियम घातला की, यापुढे फक्त शुक्रवारी सकाळी तोल करावयाचा, तोही उपाशी पोटी, आणि एका शुक्रवारचा आकडा वाईट आला तर दुसऱ्या शुक्रवारपर्यंत कोणीही तोंड वाईट करावयाचे नाही. मधल्या एका दिवशी ते सवयीने पारड्याकडे वळले असता नूरमहंमदने पारड्यात दोन मोळ्या टाकून जागाच अडवून ठेवली.

ईदच्या आदल्या शुक्रवारी एकंदर साडेनऊ शेर उतरले होते. डॉक्टरांनी सांगितलेल्या दहास अर्धा शेर कमी पडत होता. शेटांना क्षणभर हुरहूर वाटली. परंतु अर्ध्या शेराला काही अर्थ नसतो हे आता त्यांना पुरते कळले होते.

ईदच्या सकाळी ते ओळीत इब्राहिमभाईंच्या शेजारी उभे राहिले. इब्राहिमभाईंनी त्यांना पाहिले आणि सावधपणे वीतभर बाजूस सरकले. नमाज सुरू झाली. कमरेतून वाकण्याचा रुकू झाला. मग सर्व ओळ खाली गेली आणि तिच्यासोबत शेटही खाली गेले. डावा गुडघा कडकड वाजला, उजवा थोडा अडला, मग तोही टेकला. हात जमिनीला लागले. कपाळ लागले. चटईखालच्या मातीचा वास त्यांच्या नाकात शिरला, आणि दोन वर्षांत मनात साठलेले जे काही होते ते त्यांनी तेथे, तसेच वाकून, सांगून टाकले.

दुसऱ्या रकातीच्या, म्हणजे दुसऱ्या आवर्तनाच्या, शेवटच्या सिजद्यातून सारी ओळ उठून बसली तरी शेट खालीच होते. इब्राहिमभाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले. मागच्या ओळीतही कोणीतरी घसा खाकरला. इतक्यात शेट आपले आपण, कोणाचाही हात न घेता, उठून बसले.

नमाज संपविणारा सलाम फिरल्याबरोबर इब्राहिमभाई त्यांच्या कानाशी लागले. "अडकलात असं वाटलं मला. चौघांना हाका मारणार होतो."

"अडकलो नव्हतो," बद्रुद्दीनशेट डोळे पुसत म्हणाले. "थांबलो होतो."