गॅसचा पहिला घास

या, असे पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकून बसणाऱ्याला कथा अर्धीच मिळते, उरलेली खांब ऐकतो. आज समोर वीणा नाही, मागे टाळकरी नाहीत, आणि गोष्टही पुराणातली नाही. पंचवटीतल्या एका फ्रिज दुरुस्तीवाल्याची आहे. देवाला घास द्यायची त्याची सवय परीक्षेत कशी आडवी आली आणि त्याच्या बायकोने त्यातून वाट कशी काढली, ते सांगायचं आहे. खोटं वाटलं तर हसा, खरं वाटलं तरी हसा.

सावळीराम मूळचा माळ्याच्या घरातला. भावकीची फुलशेती मखमलाबादकडे, पण याचं मन खुरप्यात कधी रमलं नाही. विशीतच तो रावजी मिस्तरींच्या हाताखाली फ्रिज दुरुस्ती शिकायला लागला आणि पुढे भाजीबाजाराच्या तोंडाशी त्याने आपलं छोटं दुकान टाकलं. दुकानाच्या पायरीवर त्याची बायको साळूबाई फुलांची पाटी मांडून बसायची. आत गॅस, बाहेर झेंडू. नवऱ्याचं काय चाललंय ते मान न वळवता तिला कळायचं.

रावजी मिस्तरींनी गॅस भरायला शिकवला तो असा. नळीचं एक टोक सिलिंडरला लावायचं, दुसरं फ्रिजच्या कॉम्प्रेसरला, पण तिथला नट लगेच आवळायचा नाही. आधी सिलिंडरची चावी किंचित फिरवायची, ढिल्या नटातून फुस्स करून थोडा गॅस बाहेर जाऊ द्यायचा, आणि मग नट आवळायचा. हा फुस्स कशासाठी, असं सावळीरामने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मिस्तरी मिशीतल्या मिशीत हसले.

"पहिला घास देवाचा," ते म्हणाले. "जेवताना ताटाबाहेर चार शितं ठेवतोस ना, तसं. देवाला दिल्याशिवाय मशिनला भरवायचं नाही. दे वचन."

सावळीरामने वचन दिलं. कुठल्या देवाचा घास, हेही त्याने विचारून घेतलं, तर मिस्तरी म्हणाले की जो जवळ असेल त्याचा. पंचवटीत देवांना काय तोटा. तेव्हापासून पंचवीस वर्षं एकही फ्रिज त्याने देवाला न दाखवता भरला नाही. आणि गंमत अशी की गिऱ्हाइकांनाही तो फुस्स हवाच असायचा. आवाज झाला की घरधनी मान डोलवायचा, गॅस खरा पडला म्हणायचा. नाही ऐकू आला तर पुन्हा करून दाखवायला लावायचा. असा देव एका घरात दोनदा जेवायचा.

मिस्तरींनी जाण्याआधी दोन गोष्टी सावळीरामच्या ओटीत टाकल्या. एक आपला गॅसचा दाब मोजायचा गेज, आणि दुसरा धर्मादाय दवाखान्यातला लशींचा फ्रिज. पोलिओचे डोस, लहानग्यांच्या लशी, सगळं त्यात. हा बंद पडला तर गल्लीतलं एक एक लेकरू उघडं पडेल, याला सांभाळ, असं ते सांगून गेले. सावळीराम दर सोमवारी रामकुंडावर जायचा आणि तिथून दवाखान्यात. फ्रिजच्या पाठीवर हात ठेवून त्याची घरघर ऐकायची आणि मग चहा घ्यायचा, हा त्याचा नेम. त्या कामाची मजुरी त्याने कधी घेतली नाही.

दोन हजार सहा साली, महाशिवरात्र झाल्यावर, दवाखान्यातल्या रूपाली सिस्टरने त्याच्या हातात एक पत्र ठेवलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिली. रामनवमीनंतर, गॅस हाताळणीचा दाखला ज्याच्याकडे नाही त्याने लशींच्या फ्रिजला हात लावायचा नाही, असं त्यात होतं. चार रविवार वर्ग, पाचव्या रविवारी परीक्षा. सावळीरामने पत्र दोनदा वाचलं, फ्रिजकडे पाहिलं आणि त्या दिवशीचा चहा तसाच ठेवून आला.

वर्ग सातपूरला भरायचा. शिकवणारे ज्ञानेश सर इतके तरुण की सावळीरामचा पान्हा त्यांच्यापेक्षा वयाने मोठा असेल. पण पोरगा हुशार आणि शिस्तीचा. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर पृथ्वी काढली, तिच्यावर छत्री काढली, आणि सांगितलं की आजवर आपण फ्रिजमध्ये भरत आलो तो गॅस हवेत सोडला की वर जातो आणि उन्हापासून राखणाऱ्या या छत्रीला भोकं पाडतो. नवा गॅस छत्रीला धक्का लावत नाही, पण तोही हवा तापवतो, तेव्हा कुठलाच सोडायचा नाही. आता व्हॅक्यूम पंप लावायचा, नळीतली आणि मशिनमधली हवा ओढून काढायची, आणि मगच सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून गॅस मोजून भरायचा. परीक्षेत ज्याच्या हातून एकदा जरी गॅस हवेत गेला तो नापास, बाकी सगळं सोन्यासारखं केलं असलं तरी.

दुपारी सराव झाला. सावळीरामने नळी लावली, पंप चालवला, बंद केला, आणि हाताने आपला आपण नट ढिला करून देवाला घास दिला. शेजारी चांदवडचा पुंजाराम होता. आयुष्यभर महामार्गावरच्या ढाब्यांचे फ्रिज दुरुस्त करत आलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. तो हात जोडून म्हणाला, "वाढा, भाऊ, वाढा. देव लय दिवसांचा उपाशी दिसतोय."

घरी येऊन सावळीराम पायरीवर बसला. फळ्यावरची छत्री त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. पंचवीस वर्षं ज्याला नैवेद्य दाखवला, त्याच्याच छपराला आपण भोकं पाडली, असं तो साळूबाईला म्हणाला. साळूबाईने त्याचं सांत्वन वगैरे काही केलं नाही. तिने माळ्यावरून सायकलची जुनी ट्यूब काढली, तिला त्याच्याकडूनच चावी आणि नळी जोडून घेतली, हवा भरली आणि म्हणाली, हा तुमचा सिलिंडर. फ्रिज म्हणून रिकामा पत्र्याचा डबा ठेवला, पंपाच्या जागी वरवंटा. नियम असा की ती त्याच्याकडे पाठ करून हार ओवत बसणार, आणि फुस्स ऐकू आला की सावळीरामने झेंडूचा एक हार ओवायचा.

पहिल्या दिवशी नऊ हार झाले, दुसऱ्या दिवशी अकरा. सावळीराम पुटपुटत पंप म्हणून वरवंटा चालवायचा, पंप बंद म्हणायचा, आणि चावीशी आला की उजवा हात मालकाला न विचारता नटाकडे जायचा. पाडवा तोंडावर आलेला, हारांना मागणी. आठवड्याने सावळीरामच्या लक्षात आलं की त्याची चूक होण्याआधीच फुलांची पाटी आणि सुई-दोरा त्याच्या मांडीशी आणून ठेवलेला असतो. त्याने विचारलं तेव्हा साळूबाई शांतपणे म्हणाली, "शिका हळूहळू. पाडवा होऊ द्या, मग सुधरा."

लेखी परीक्षेचं पुस्तकही तीच घ्यायची. समोर गिऱ्हाईक असो वा नसो, पायरीवरून आत प्रश्न यायचा आणि आतून बाहेर उत्तर जायचं. सगळी भाजीवाली मंडळी ऐकायची. एकदा एका बाईने हाराचा भाव विचारला, आणि साळूबाईच्या तोंडून निघून गेलं की जुना गॅस काढून घ्यायचा सिलिंडर किती भरायचा ते आधी सांगा. ती बाई म्हणाली, ऐंशी टक्के, आणि हाराचं काय ते बोला. त्या महिन्यात परीक्षा बाजारात घेतली असती तर मेथीवालीसुद्धा पास झाली असती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मात्र हार थांबले. सावळीरामने सात वेळा नळी लावली, सातही वेळा हात नटाशी जाऊन परत आला. फुस्स झाला नाही. साळूबाईने वळून पाहिलं तर हा डोळ्यांत पाणी आणून बसलेला. रात्री तो जेवला नाही, पाडव्यासाठी केलेल्या श्रीखंडाची वाटीही त्याने बाजूला सारली. मग हळूच बोलला. दवाखान्याचा फ्रिज हातचा सुटू नये म्हणून हात आवरला, पण मिस्तरींना दिलेला शब्द मोडला. ज्यांनी फ्रिज दिला त्यांचाच शब्द मोडून फ्रिज राखायचा, हे कुठलं राखणं?

आता साळूबाई काही शास्त्र शिकलेली नव्हती, पण आयुष्यभर कीर्तनाला पहिल्या रांगेत बसलेली होती, आणि पहिल्या रांगेत बसणाऱ्याला बुवांच्या घोटभर पाण्यातलाही अर्थ कळतो. तिने वाटी पुन्हा त्याच्यापुढे सरकवली.

"एक विचारू? तो घास तुमचा होता का हो? गॅस गिऱ्हाइकाचा, पैसा गिऱ्हाइकाचा, आणि पुण्य तेवढं तुमचं. असा नैवेद्य देवाने पंचवीस वर्षं चालवून घेतला, तो भोळा म्हणून. द्यायचाच तर तुमच्या जवळचा द्या."

"माझ्या जवळ काय आहे?"

"श्वास आहे की. तो कुणाला मागून आणलेला नाय."

सावळीराम उठला. मग त्याने ट्यूबला नळी लावली, नट घट्ट आवळला, चावीला हात लावण्याआधी डोळे मिटले आणि दातांच्या फटीतून आपल्या छातीतली हवा सोडली. फुस्स. हुबेहूब. साळूबाईचा हात सवयीने फुलांच्या पाटीकडे गेला, इतकं हुबेहूब. नंतर त्याने श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

रविवारी लेखी परीक्षा झाली. सिलिंडरचा प्रश्न आलाच, आणि सावळीरामला तो सोडवताना हारवाल्या बाईची आठवण झाली. दुपारी हातकाम. वर्गात गिरणीसारखी शांतता, म्हणजे पट्टा तुटल्यावर गिरणीत असते तशी. सावळीरामचा नंबर आला. ज्ञानेश सरांनी सिलिंडर काट्यावर ठेवला, आकडा आपल्या कागदावर लिहून घेतला आणि पुढचे रकाने भरायला ते टेबलाकडे वळले. सावळीरामने नळी लावली. नट आवळला. पंप चालवला, दाब पाहिला, पंप बंद केला. उजवा हात नटाकडे निघाला, वाटेतच थांबला आणि चावीशी आला. सावळीरामने डोळे मिटले.

फुस्स.

सरांचं पेन थांबलं. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा खरंच उतरलेला होता, कारण हा म्हातारा विद्यार्थी त्यांना आवडायला लागला होता. "सावळीराम," ते म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला नापास करावं लागेल."

 दवाखान्यातल्या फ्रिजची घरघर सावळीरामच्या कानात वाजली. त्याने काट्याकडे बोट दाखवलं. सरांनी काट्यावरचा आकडा पाहिला, हातातला कागद पाहिला. दोन्हीकडे तोच आकडा. एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही. त्यांनी चावी तपासली, घट्ट बंद. नट तपासला, आवळलेला. तरी त्यांनी साबणाचा फेस मागवला आणि प्रत्येक सांध्याला लावला. सगळे मिस्तरी भोवती वाकून बुडबुडा शोधू लागले. एकही आला नाही.

"मग आवाज कुठून आला?" सरांनी विचारलं.

सावळीरामने मान खाली घातली. "सर, तो मी होतो."

आणि करून दाखवल्याशिवाय सुटका नव्हती, म्हणून पन्नाशीच्या त्या माणसाने वीस मिस्तरींसमोर दातांच्या फटीतून पुन्हा एकदा देवाला घास दिला. पुंजाराम हसत हसत जमिनीवरच बसला. ज्ञानेश सरांनी हसू दाबायला कागद तोंडासमोर धरला, पण कागद हलत होता. तोंडच्या हवेबद्दल नियमात काही नाही, एवढं ते कसंबसं म्हणाले, आणि गॅस भरून पूर्ण करायला सांगितलं. तो नेमका मापात भरला.

सगळे पांगल्यावर सरांनी त्याला थांबवून घेतलं आणि या प्रकाराचं मूळ विचारलं. सावळीरामने रावजी मिस्तरींची सगळी गोष्ट सांगितली. सर विचारात पडले.

"मिस्तरींकडे व्हॅक्यूम पंप होता?"

"नाशकात तेव्हा कुणाकडे होता, सर?"

"मग ते नळीतली हवा गॅसने ढकलून बाहेर काढत होते. ती आत गेली तर तिच्यातला ओलावा आत गोठतो आणि मशिन अडतं. तेव्हा तीच रीत होती." कागदाची घडी घालत ते म्हणाले, "पण असं सांगितलं असतं तर घाईच्या दिवशी तुम्ही ते टाळलं असतं. देवाचा घास टाळलात का कधी?"

 पंचवीस वर्षांपूर्वीचं ते मिशीतलं हसू आज सावळीरामला उलगडलं. घरी येईपर्यंत तो रिक्षात एकटाच हसत होता, रिक्षावाल्याने दोनदा आरशात पाहिलं.

दाखला रामनवमीच्या आधी हातात आला. साळूबाईने परीक्षेची हकिकत पुन्हा पुन्हा सांगायला लावली आणि शेवटी फुलांची पाटी पुढे केली. फुस्स झाला ना, मग नियम तो नियम. दोनदा झाला, दोन हार. सावळीरामने मुकाट्याने ओवले. एक त्याने दुकानातल्या रावजी मिस्तरींच्या फोटोला घातला. दुसरा घेऊन तो दवाखान्यात गेला आणि लशींच्या फ्रिजच्या मुठीला बांधला. रूपाली सिस्टरने दाखला पाहिला, फाइलला लावला आणि दोन कप चहा सांगितला. पुढे पावसाळ्यात त्या फ्रिजला गॅस भरायची वेळ आली, तेव्हा काट्यावर मोजून, पंप लावून, एक कणही न सांडता काम झालं. सिस्टर म्हणाली, काका, आज फुस्स नाही आला, गॅस पडला ना नक्की? मग सावळीरामने डोळे मिटले, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

एवढीच गोष्ट. आता घरी जाऊन जेवायला बसाल. ताटाबाहेर चार शितं ठेवाल, तेव्हा ती आपल्याच ताटातली आहेत ना, एवढं बघा. आणि त्यातलं एक शीत रावजी मिस्तरींच्या नावाने ठेवा.