गाडी निघालीच नाही

विनयला हाकेच्या अंतरावर मिळणारी वस्तू कधी चांगली वाटतच नाही. गाडी लीजवर घ्यायची ठरली, तेव्हा आमच्या श्रूजबरीच्या आसपासचे सगळे डीलर सोडून त्याने लॅपटॉपवर घासाघीस करत थेट मिशिगनमधल्या ट्रॉयचा डीलर पकडला. गाडी तिथून ट्रकवर चढून घरी येणार होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं मी म्हटलं, तर मला यातलं काही कळत नाही असं ठरलं.

मला कळत होतं ते एवढंच, की जुन्या गाडीचं लीज संपून ती परत गेली होती आणि मंगळवारी सकाळी मला नोकरीवर हजर व्हायचं होतं. व्हिसापायी सहा वर्षं घरात बसल्यावर मिळालेली पहिली नोकरी, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. तिकडे बस जात नाही. मंगळवारचं ट्रेनिंग चुकलं तर जागा दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल, असं तिथल्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. विनय काम करतो घरून. त्याला गाडी आज आली काय नि दिवाळीला आली काय.

शुक्रवारी ट्रक गाडी उचलणार आणि रविवारी दारात आणणार होता. सकाळपासून माझ्या पायाला भिंगरी लागली होती. घासलेली भांडी पुन्हा घासली, मंगळवारचा ड्रेस दोनदा बदलला, उगाच खिडकीशी जाऊन आले. दुपारी डीलरचा फोन आला. ट्रकवाल्याने गाडी नेलीच नाही. डिकी सामानाने गच्च भरली होती आणि सामान असलेली गाडी ते ट्रकवर चढवत नाहीत. पुढचा ट्रक गुरुवारी.

"सामान कसलं?" मी ओरडलेच.

विनय मान खाली घालून म्हणाला, "मी सरलाकाकूला फक्त गाडी बघून ये म्हटलं होतं."

सरलाकाकू म्हणजे त्याची सख्खी काकू, ट्रॉयलाच राहते. आपल्याकडे कोणी एका गावाहून दुसऱ्या गावी निघालं की त्याच्या हाती पुडकं द्यायचंच. इथे तर अख्खी गाडी रिकामी निघालेली! काकूंचा हात थांबतोय कशाला?

भांडायचंच म्हणून मी फोन लावला.

"अगं, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि थोड्या चकल्या," काकू म्हणाल्या. "नोकरीवरून दमून येशील, मग उभी राहून काय करशील? म्हणून दिलं. ते गाडी नेणार नाहीत हे मला कुठे ठाऊक, बाई!"

राग होताच, पण तो कोणावर काढावा तेच कळेना. मी फोन स्पीकरवर टाकून खुर्चीत बसले.

विनयने भाड्याच्या गाडीसाठी चार ठिकाणी विचारलं. लेबर डेची सोमवारची सुट्टी धरून आलेला लांब वीकेंड, एकही गाडी शिल्लक नव्हती. "यार, त्यांना सांग ना, पुढच्या महिन्यात जॉइन होते म्हणून. एवढं काय त्यात?"

"मी विमानाने जाते आणि गाडी घेऊन येते."

"एकटी? इतक्या लांब ड्राइव्ह करणार? आणि लीजमध्ये मोजून मिळालेले मैल फुकट जातील ते?"

स्पीकरवर चालूच असलेल्या फोनमधून काकूंचा आवाज आला. "विनय, मला इथे शाळेत नोकरी लागली होती. तुझे काका म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मी आजतागायत बघतेय. रत्ना, तू तिकीट काढ. मी येते तुझ्या सोबतीला."

शनिवारी मी ट्रॉयला पोचले, रविवारी उजाडताच आम्ही निघालो. सगळे डबे डिकीत होतेच. काकू ते घरी ठेवतील ही आशाच नको. हायवेवर दोन्ही बाजूंनी ट्रक घोंघावत जायचे. इतकं लांब मी कधीच चालवलं नव्हतं. एकदा तर वाटलं, गाडी बाजूला घ्यावी आणि ढसाढसा रडावं. काकू नकाशा बघत शांतपणे म्हणत, "चल, चल, छान चाललंय."

क्लीव्हलँड मागे पडलं तेव्हा विनयचा फोन आला. काकूंनी तो उचलून स्पीकरवर टाकला.

"कुठवर आलात? हे बघ रत्ना, लॅबसाठी तुझ्या नावाने एक ईमेल लिहून ठेवलाय मी. तारीख पुढे ढकला म्हणून. वेळेत पोचाल असं वाटत नाही मला. पाठवू का?"

माझ्या नावाने! मला न विचारता!

"पुसून टाक तो," काकू म्हणाल्या. "ती पोचते आहे." आणि त्यांनी फोन बंद केला.

काकूंना घट्ट मिठी मारावीशी वाटली, पण माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.