मेघमाईचा घाम

मेघमाईला घाम फुटला तेव्हा शनिवारच्या सकाळचे नऊ वाजले होते आणि येरमटोल्यातलं झाडून सारं गाव ग्रामपंचायतीपुढच्या चिंचेखाली जमलं होतं.

आधी एक थेंब दिसला, ढगबाबानं टेम्पोतून आणलेल्या त्या काळ्या दगडी देवीच्या कपाळावर, मोहरीएवढा. मग दुसरा. मग दोन्ही गालांवरून पाण्याच्या बारीक रेघा उतरू लागल्या. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. पोलीस पाटील सुकलू पुढेच उभे होते, त्यांनी चपला काढून लांब ठेवल्या.

"पाहून घ्या," ढगबाबा म्हणाला. "माय ढग पिऊन राह्यली. बंगालच्या दरियातून निघेल हा सात कोस लांब ढग, मायनं घोटाघोटानं गिळला. पोटात मावत नाई म्हणून अंगातून निथळून राह्यला. आता या शिवारात पाणी पडन तं फक्त मायच्या अंगावर."

आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही स्पष्ट ऐकू यावा. हिवाळ्यात हाच माणूस झाडीपट्टीच्या नाटकांत राजाचं काम करत असे म्हणतात. हंगाम संपला की राजाला काम नसतं. मोहफुलांचा हंगाम मात्र तेव्हाच सुरू होतो.

फुलं पहाटे वेचायची, वाघाच्या भीतीनं चारचौघींनी मिळून जायचं, आणि आणलेली फुलं चार-पाच दिवस अंगणात उन्हात वाळवायची. अर्धवट वाळलेल्या फुलांवर पाऊस पडला की ती काळी पडतात, आंबतात, आणि मग कोणी व्यापारी त्यांना हात लावत नाही. त्यामुळे एप्रिलमधल्या ढगाची गावाला जेवढी धास्ती, तेवढी जून-जुलैच्या ढगाचीही नसते. ढगबाबानं आजवर दोनदा गावावर आलेला ढग परतवला होता. मोबदला म्हणून घरटी एक टोपली वाळलेली फुलं, आगाऊ. अटी दोन. अंगणातली फुलं झाकायची नाहीत, कारण एकानं जरी झाकली तरी माय रुसते आणि प्यायलेला ढग साऱ्या गावावर ओकते. आणि मायचा घाम कपाळाला लावायचा, जिभेला नाही.

"चाखला त्याची जीभ झडते," बाबा म्हणाला. "राजुऱ्याकडं एकाची झडली. अजून हातवारे करून चहा मागते बिचारा."

लोक हसले, आणि हसता हसता घाबरले.

रांगेच्या शेवटी देवराव होते. वडशाच्या एका शाळेत तीस वर्षं ग्रंथपाल होते, आता गावात राहत. बोलणं हळू, इतकं हळू की दुकानात मीठ मागितलं तर दुकानदार "काय?" असं दोनदा विचारे. मोबाइलवर आलेला हवामानाचा अंदाज रोज पंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहायचा, एवढंच सार्वजनिक काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. अक्षर सुंदर होतं. वाचत कोणी नसे.

वाचलं तरी हसण्यासाठी. मागच्या दोन्ही वेळी अंदाजात 'तुरळक ठिकाणी पाऊस' असं होतं. तुरळक म्हणजे दहा गावांतल्या एखाद-दोन गावांत. तो पलीकडच्या गावांत पडला, येरमटोला कोरडा राहिला, आणि श्रेय बाबाला गेलं. "तुमचा पाऊस कुठी अटकला, भाऊ?" असं लोक जाता-येता विचारत. देवराव तुरळकचा अर्थ सांगायला तोंड उघडत, तोवर विचारणारा पुढे गेलेला असे. हळूहळू त्यांना स्वतःचीच शंका येऊ लागली होती. पुस्तकातलं आपल्याला कळतं. आभाळातलं कळतं का?

कालचा अंदाज त्यांनी चारदा वाचला होता. शनिवार-रविवार बऱ्याच ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, सोसाट्याचा वारा, काही ठिकाणी गारा. तुरळक नव्हे, बऱ्याच ठिकाणी. फळ्यावर शेवटची ओळ त्यांनी लिहिली, 'मोहफुले झाकून ठेवावीत.' चार पावलं मागे येऊन ती वाचली, पुन्हा पुढे गेले आणि आधी एक शब्द घातला, 'शक्यतो'.

रांग सरकली. बाबाच्या माणसानं देवरावांच्या तळहातावर घामाचा थेंब टेकवला. सगळ्यांसारखे ते बाजूला झाले, चिंचेच्या बुंध्याआड गेले आणि त्यांनी तळहात चाटला.

खारट. नुसतं खारट नव्हे, खड्याच्या मिठाची ती किंचित कडवट चव.

घरी येऊन त्यांनी फरशीचे दोन तुकडे घेतले. एकाला मिठाचं दाट पाणी तीनदा चोळलं, दुसरा तसाच ठेवला, आणि दोन्ही चुलीशी कोरडे करून ओसरीत मांडले. हवा जड झाली होती. दुपारी दोन वाजता मिठाच्या फरशीवर मोहरीएवढे थेंब दिसले. दुसरी फरशी कोरडी ठणठणीत होती.

देवरावांनी दोन्ही फरश्यांवरून बोट फिरवलं. बाबा ज्या घामाला पाऊस टळल्याची खूण म्हणत होता, तो पाऊस जवळ आल्याची खूण होता.

त्यांनी घरातली ताडपत्री काखेत मारली आणि शेजारी सोमारीच्या कुंपणापाशी गेले. सोमारी एकटी बाई, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. विकण्याआधी शेवटचं ऊन द्यायला अंगणभर तिची वीस दिवसांची फुलं पसरली होती. मुलगी करिष्मा हातानं ती खालवर करत होती. बारावी झालेल्या करिष्माला गडचिरोलीला नर्सिंगला जायचं होतं, आणि ते जाणं या अंगणावर अवलंबून होतं.

"सोमारीबाई, झाकून घ्या न फुलं."

"तुमच्या फळ्यावर 'शक्यतो' लिवून हाये, भाऊ. पोरीनं वाचून दाखवलं. मंग शक्यतो झाकीन."

"मी मायचा घाम चाखला. मिठाचा हाये तो."

"घाम खारटच असते न. तुमचा का गोड हाये?"

करिष्मा खुदकन हसली. देवरावही ओशाळून हसले. मग त्यांनी फरश्यांचं सांगितलं, अडखळत, मधलं आधी आणि आधीचं शेवटी. सोमारीचा हात थांबला.

"खरं सांगून राह्यले?"

"दोनदा पाहिलं."

तिनं ताडपत्रीकडे पाहिलं, मग गल्लीपलीकडे. तिथं दोन बाया दारात उभ्या राहून इकडेच बघत होत्या.

"मी एकटीनं झाकलं अन् गावावर पडला, तं काय म्हणतीन मले? मले याच गावात राहा लागते, भाऊ. तुम्ही असं करा, चिंचेखाली जा. चार माणसांत सांगा. तुम्ही तिथं बोलले का मी पयली झाकीन."

देवराव गेले. चिंचेखाली तीस-चाळीस माणसं होती आणि बाबाचा सूर लागलेला होता. "हवामानखातं म्हणते पाऊस, माय म्हणते नाई. कोणाचं खरं निघालं आजवर?" लोकांनी फळ्याकडे पाहिलं, मग देवरावांकडे, आणि कोणीतरी हसलं. देवरावांनी घसा साफ केला. आणि आज पुन्हा नाही पडला तर? हा एकच विचार त्यांच्या मनात आला, आणि तेवढा पुरला. ते आल्या पावली परत फिरले. सोमारीच्या कुंपणाकडे न बघता घरात शिरले.

साडेतीनला वारा सुटला. पावणेचारला गारा पडल्या, आवळ्याएवढ्या, आणि त्यामागून पाऊस, तास-दीड तास, आडवातिडवा. अंगणाअंगणातून फुलं वाहत नालीला लागली. सोमारी आणि करिष्मानं लुगडी, चादरी, मिळेल ते टाकलं, पण तोवर फुलं भिजून गोळा झाली होती.

रविवारी सकाळी आभाळ अजून गच्च होतं. गाव पुन्हा चिंचेखाली आलं, यावेळी चपला घालून. पण बाबा तयारीचा होता.

"मायनं काय सांगितलं होतं? झाकू नका. कोणीतरी झाकलं. मायले ओकाच लागलं."

"सोमारीच्या कुंपणापाशी काल ताडपत्री दिसली," गल्लीतली एक बाई म्हणाली.

गर्दी वळली. सोमारी मागे सरकली, पण मागे चिंच होती. कोणीतरी म्हणालं, "तिची नजर पयलेपासूनच..." आणि वाक्य अर्धं सोडलं. अशी अर्धी वाक्यं या मुलखात कुठवर जातात ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. करिष्मानं आईचा हात धरला.

"ताडपत्री माझी होती," देवराव म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू, पण एवढी शांतता झाली होती की तो सगळ्यांना ऐकू गेला. "अन् घाम मी चाखला. जीभ हाये जागेवर." त्यांनी ती काढून दाखवली, आणि त्यांनाच लाज वाटली.

मग ते घरी गेले आणि दोन्ही फरश्या घेऊन आले. एक निथळत होती, एक कोरडी. सुकलूंनी बोट लावून चव घेतली.

"हे तं मीठ हाये गा."

"पावसाळ्यात तुमच्या घरच्या मिठाच्या बरणीले पाणी सुटत नाई का, बाई?" देवरावांनी त्या गल्लीतल्या बाईला विचारलं. "या फरशीले मी मीठ चोळलं, तसंच यानं दगडाले चोळलं. मीठ हवेतलं पाणी ओढते. इथली हवा उन्हाळ्यात कोरडी, म्हणून दगड कोरडा राहते. पावसाची हवा आली का त्याले घाम फुटते. माय ढग पीत नाई. ढग आला, एवढंच ते मीठ सांगते. अन् अंदाजात पाऊस असला तरच हा माणूस गावात येते. मी तारखा पाहिल्या."

"दगड धुवा," सुकलू म्हणाले.

बाबा म्हणाला, स्पर्श केला तर कोप होईल. बायांनी तोवर चुलीवर पाणी ठेवलंही होतं. तीन बादल्या गरम पाण्यानं दगड घासला, पुसला, आणि सगळे समोर बसून राहिले. तासभर गेला. देवरावांच्या फरशीवरून ओघळ चालूच होते. मेघमाईला एक थेंब फुटला नाही.

बाबा सरकत सरकत आपल्या टेम्पोकडे निघाला होता. करिष्मा आधीच तिथं उभी होती.

"बाबा, तुमची गाडी काऊन झाकेल हाये?"

टेम्पोवर जाड निळी ताडपत्री होती, चारी बाजूंनी दोरीनं आवळलेली. खाली गावोगावच्या टोपल्यांतली फुलं, कोरडी, सोनेरी.

पुढचं थोडक्यात. सुकलूंनी ठाण्याला फोन लावला, पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली बाबाला घेऊन गेले. पंचनामा झाल्यावर घरटी एक टोपली परत मिळाली. सोमारीच्या अख्ख्या हंगामातली तेवढीच फुलं कोरडी राहिली होती, कारण ती चोराकडे होती आणि चोराचा मायवर विश्वास नव्हता.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. हवामानाचा अंदाज चुकू शकतो, आणि चुकला की उद्या तो नव्यानं बांधता येतो. फुलं झाकली आणि पाऊस आला नाही, तर अर्ध्या दिवसाचं ऊन बुडतं. पण जो माणूस चाखायची, झाकायची, विचारायची बंदी घालतो, त्याच्या बंदीतच त्याची युक्ती दडलेली असते. ती आधी तपासा. आणि तपासून जे कळलं ते मोठ्यानं सांगा.

संध्याकाळी सोमारी कुजकी फुलं फावड्यानं उकिरड्यावर ओढत होती. देवराव कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

"काल दोन वाजता माहीत होतं तुमाले," ती फावडं न थांबवता म्हणाली.

"हो."

"मंग चिंचेखालून काऊन फिरले?"

"नाही पडला तर लोक हासतील, वाटलं."

ती थांबली. करिष्मा दारात बसली होती, पुढ्यात ती एक टोपली.

"हासले असते, भाऊ," सोमारी म्हणाली. "मीबी हासली असती."